मातीच्या गुल्ल्या

नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरच्या एका जुन्या बंगल्यात दोन भाऊ राहत होते. थोरले अप्पा आणि धाकटे नाना. वडिलांच्या माघारी घराची वाटणी झाली, पण अंगणातल्या हिरवळीला मधोमध कुंपण घालायचं दोघांच्याही जिवावर आलं. शहाबादी फरश्यांची पायवाट होती, तीच हद्द मानली गेली. पायवाटेच्या पूर्वेची 20 फूट लांब-रुंद हिरवळ अप्पांची, पश्चिमेची तेवढीच नानांची. माती दोन्हीकडे तीच, काळी. गवतही तेच, वडिलांनी एकेक काडी खोवून लावलेली हरळी. आणि त्या हरळीवर पहिला हक्क दोघांच्या आईचा. रोज सकाळी ती वाटी घेऊन यायची आणि गणपतीसाठी कोवळ्या, तीन पात्यांच्या दूर्वा खुडायची.

एका मे महिन्यात अप्पांच्या मुलीची हळद अंगणातच झाली. आदल्या रात्री वळवाचा पाऊस पडून गेला होता. पहाटे मांडववाल्याचा टेम्पो जनरेटर आणि खुर्च्या घेऊन आला आणि ओल्या हिरवळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. दिवसभर दोनशे माणसांचा राबता झाला. कार्य आनंदात पार पडलं. दबलेल्या गवताकडे पाहून अप्पा म्हणाले, "पाऊस लागला की येईल वर."

पाऊस लागला, पण गवत काही वर आलं नाही. जिथून चाकं गेली होती तिथे पाणी दोन-दोन दिवस साचून राहू लागलं. वर शेवाळ धरलं. हरळी पिवळी पडून विरळ झाली आणि तिच्या जागी लव्हाळा डोकं काढू लागला. गणेशचतुर्थीला आईला एकवीस दूर्वांची एक जुडी करायला तासभर लागला. ती कुणाला काही बोलली नाही. अर्धी रिकामी वाटी तिने देवापुढे ठेवली, तेवढ्यानेच दोन्ही भावांना चुटपूट लागली.

त्या दिवशी दोघांनी ठरवलं, आपापल्या हिरवळीला मोकळी हवा मिळवून द्यायची.

अप्पांचा स्वभाव झटपट. त्यांनी मोबाइलवर शोधलं आणि तळाला पाच-पाच सेंटिमीटरचे खिळे असलेले जोडे मागवले. बुटांवर पट्ट्यांनी बांधायचे आणि हिरवळीवर चालायचं, म्हणजे भोकं पडतात, व्यायामही होतो. सोबत मुळांना हवा देणाऱ्या कसल्याशा द्रावणाची बाटलीही आली. दुसऱ्याच दिवशी, पाऊस भुरभुरत असतानाच, अप्पा जोडे घालून अंगणात उतरले. चिखलात खिळे सहज रुतत होते. पाच मिनिटांत शंभर भोकं! त्यांना फार समाधान वाटलं. मग रोज सकाळी अर्धा तास हाच नेम झाला.

नानांनाही तसेच जोडे मागवावेसे वाटले. पण ते शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही ही सवय. त्यांनी किसनमामांना बोलावलं. वडिलांच्या वेळेपासूनचे हे माळी आता सत्तरी ओलांडलेले होते.

किसनमामांनी आधी घरातला लांब स्क्रूड्रायव्हर मागितला. मेंदीच्या कडेला तो जमिनीत टेकवून दाबला, तर मुठीपर्यंत आत गेला. मग चाकांच्या जागी दाबला. दोन बोटं गेला आणि अडला. नंतर त्यांनी फावड्याने गवताचा विटेएवढा तुकडा उचलून उलटा केला. मुळं दोन इंच खाली जाऊन आडवी वळली होती, भिंतीला अडल्यासारखी. खालची माती राखी पडली होती आणि तिला आंबूस वास येत होता.

"नाना, चांगल्या मातीत अर्धी माती आणि अर्धी पोकळी असते, हे तुम्ही पोरांना शिकवलंच असेल. पोकळीत निम्मं पाणी, निम्मी हवा. मुळांनाही श्वास लागतो. टेम्पोनं ती पोकळीच दाबून टाकली."

"मग खिळ्यांनी भोकं पाडली तर?"

"वाळूसारखी भुसभुशीत जमीन असती तर चाललं असतं. इथं काळी माती आहे, चिकट. खिळा आत शिरला तर तिथली माती जाणार कुठं? शेजारी. म्हणजे एक भोक मोकळं आणि त्याच्या चहूबाजूंनी माती आणखी घट्ट. दुसरा उपाय बागेच्या काट्याचा. तो खोल रोवायचा आणि दांडा जरासा मागे कलता करायचा. जमीन उचलून भेगाळते, काही काळ बरं वाटतं. पण एवढी दबलेली माती असेल तर ती थोडी बाहेरच काढावी लागते. मोठ्या मैदानांवर याची यंत्रं असतात. आपल्याला एवढ्याशा जागेला यंत्र कशाला?"

मामांनी वेल्डरकडून पाऊण इंची पाइपचं एक अवजार करून आणलं. पाइपचं खालचं तोंड घासून धारदार केलेलं, बाजूला उभी खाच, पाय ठेवायला आडवी पट्टी आणि वर धरायला मूठ. नाना लगेच सुरुवात करायला निघाले, तर मामांनी त्यांचा हात धरला.

"आज नाही. वाफसा येऊ द्या."

वाफसा म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. माती धड चिखल नाही, धड कोरडी नाही. पाणीही आहे आणि हवाही आहे. पाऊस उघडून चार दिवस झाले. मामा रोज चिमूटभर मातीची गोळी करून अंगठ्याने दाबून पाहत. गोळी अंगठ्याला लेपासारखी चिकटली की म्हणत, उद्या. पाचव्या दिवशी गोळी दाबताच भुगा होऊन पडली. मामा म्हणाले, "चला."

पाइप जमिनीवर टेकवायचा, पट्टीवर पाय देऊन दाबायचा, किंचित फिरवून उपसायचा. पुढचं भोक पाडताना आधीची माती खाचेतून बाहेर येई, बोटाएवढ्या जाडीची, तीन इंच लांबीची, गोल. नानांचा नातू ओरडला, "आजोबा, विटीदांडूची गुल्ली!" तेव्हापासून त्यांचं नाव गुल्ल्याच पडलं. सगळ्या जागेत वीतभर अंतरावर एक आणि चाकांच्या पट्ट्यांत चार बोटांवर एक. नुसत्या वीतभर अंतराचाच हिशेब सातशेच्या वर भोकांचा होतो. रोज सकाळी ऊन चढेपर्यंत काम करून सहा दिवस लागले. नानांचा पाय भरून येई. पायवाटेपलीकडून खिळ्यांचे जोडे घातलेले अप्पा म्हणत, "अरे, माझं रोज अर्ध्या तासात होतं!"

हिरवळीवर पसरलेल्या गुल्ल्या बघून नानांनी विचारलं, "या गोळा करून टाकून देऊ?" मामांनी तिथेच राहू दिल्या. दोन दिवसांच्या उन्हाने त्या सुकल्या, दाताळ्याच्या पाठीने फुटल्या. मग चाळलेलं शेणखत आणि गांडूळखत पातळ पसरून खराट्याने भोकांत लोटलं. नानांना वाळू भरावीशी वाटली होती. मामा म्हणाले, "काळ्या मातीत मूठभर वाळू कालवाल, तर विटेचा माल होईल. खतच बरं."

शेवटी मामांनी आणखी दोन गोष्टी करायला लावल्या. नळापासून झोपाळ्यापर्यंत सगळे गवतावरूनच जात, तिथे फरश्यांचे तुकडे बसवले. आणि रोज शिंपडायचं पाणी बंद करून, आठवड्यातून एकदोनदाच पण खोलवर मुरेल एवढं द्यायला सांगितलं. "दबायचं कारण तसंच ठेवून उपाय केला, तर पुढच्या वर्षी मी इथंच उभा असेन," असं ते म्हणाले.

थंडीत हरळी निजल्यासारखी राहिली. दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या. अप्पांना वाटलं, आपण शहाणे ठरलो. जूनच्या पहिल्या पावसानंतर एका वाफशाला नानांनी चाकांच्या पट्ट्यांत पुन्हा एकदा पाइप चालवला. मग पाऊस धो धो कोसळला आणि खरं काय ते उघडं पडलं. नानांच्या बाजूचं पाणी घटकाभरात मुरलं. अप्पांच्या बाजूला दोन दिवस तळं साचलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आई वाटी घेऊन बाहेर आली. पूर्वेला उभी राहिली, वाकली, दोन-चार काड्या खुडल्या. मग पायवाट ओलांडून पश्चिमेला गेली आणि उकिडवी बसली. बघता बघता वाटी भरून पदरात दूर्वा घेऊ लागली. अप्पा ओट्यावरून पाहत होते. ते खाली उतरले आणि धाकट्या भावापाशी येऊन म्हणाले, "नाना, माझं काय चुकलं ते सांग."

नानांनी काही सांगितलं नाही. त्यांनी मामांना हाक मारली. मामांनी दोन्ही बाजूंचा एकेक तुकडा फावड्याने उभा कापून अप्पांच्या हातात दिला. अप्पांच्या तुकड्यात खिळ्याच्या भोकाची कड मडक्याच्या आतल्या बाजूसारखी गुळगुळीत आणि टणक झाली होती. एकही मूळ तिच्यात शिरलं नव्हतं. नानांच्या तुकड्यात भोक शोधूनही सापडलं नाही. त्या जागी पांढऱ्याशुभ्र मुळांचा झुपका होता, आणि झुपक्यातून एक गांडूळ वळवळत बाहेर आलं.

"हे आमचे खरे माळी," मामा म्हणाले.

नानांना शिकवलेलं आठवलं. "दादा, डार्विनने 1881 साली गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं. एकरभर जमिनीत वर्षाला दहा टनांहून जास्त माती गांडुळांच्या अंगातून जाते, असा त्याचा हिशेब होता. खालची माती खायची आणि वर आणून टाकायची. माझ्या पाइपनेही एवढंच केलं."

अप्पांनी हातातला गुळगुळीत तुकडा पुन्हा एकदा पाहिला. "म्हणजे मी वर्षभर भोकं पाडत होतो, जागा करत नव्हतो. उलट चिखलात रोज माझंच वजन टाकत होतो."

"आधी कडेला तो स्क्रूड्रायव्हर घेऊन चल," नाना म्हणाले. "कुठे किती दबलंय ते बघू. पाऊस उघडला, वाफसा आला, की पाइप घेऊन मी येतो. दोघांनी केलं तर तीन दिवसांत होईल."

त्या वर्षी गणपतीपुढे दूर्वांच्या एकवीस जुड्या होत्या, सगळ्या पश्चिमेच्या. पुढच्या वर्षी त्या कुठल्या बाजूच्या, हे कुणी मोजलं नाही.

तात्पर्य : दबलेल्या ठिकाणी टोचत राहिल्याने जागा होत नाही. तिथला भार फक्त शेजारी सरकतो आणि अधिक घट्ट बसतो. जागा करायची तर थोडंसं बाहेर काढावं लागतं, योग्य वेळेची वाट पाहावी लागते आणि दबण्याचं कारणही थांबवावं लागतं. हिरवळ असो की घर, उपाय निवडण्याआधी दुखणं किती खोल आहे ते पाहा.