विचारणे आणि सांगणे

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. ओवाळणे झाले होते, फराळाच्या बशा नुकत्याच फिरल्या होत्या. माझ्या बहिणीचा मुलगा चकलीचा तुकडा मोडता मोडता, चकलीत तिखट जरा कमीच आहे असे म्हणावे इतक्या सहज सुरात म्हणाला, "मामा, मी नोकरी सोडतोय. डॉक्टर व्हायचं ठरवलंय."

हा मुलगा बत्तीस वर्षांचा. पुण्यात पुलांचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीत चांगल्या जागेवर आहे. पदरी चार वर्षांची मुलगी, डोक्यावर घराचे कर्ज. त्याचे वडील दोन वर्षांपूर्वी चाळीस दिवस इस्पितळात काढून गेले. त्या चाळीस रात्री हा तिथल्या बाकावर बसून होता. तेव्हापासून त्याच्या मनात हे घोळत असावे. बारावीला त्याने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय घेतले होते, त्यामुळे दार अगदीच बंद नाही. प्रवेशपरीक्षेला पूर्वी वयाची वरची मर्यादा होती, तीही २०२२ साली काढून टाकण्यात आली. कायद्याचे म्हणणे असे की, ये बाबा, कितीही वयाचा ये.

मग हिशेब सुरू झाला. अशा वेळी आपल्याकडे आधी बोटे मोजली जातात. तयारीला एक वर्ष, म्हणजे तेहेतीस. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची उमेदवारी, म्हणजे साडेअडतीस. नुसत्या एम.बी.बी.एस.वर हल्ली कोण थांबतो? आणखी तीन वर्षे. बेचाळिशी गाठली की साहेब स्वतःची पाटी लावणार. तोवर मुलगी नववीत गेलेली असेल. "हे धरून की पहिल्याच झटक्यात प्रवेश मिळाला," कोणीतरी पुस्ती जोडली. परीक्षेला वीस लाखांहून अधिक मुले बसतात आणि जागा लाख-सव्वालाख; तेव्हा ही पुस्ती काही कुजकट नव्हती.

फराळाला शेजारचे एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. त्यांनी गीता काढली. स्वधर्म सोडून परधर्माच्या मागे लागू नये, हा त्यांचा मुद्दा. मला या मुद्द्याचे नेहमीच नवल वाटत आले आहे. बाविसाव्या वर्षी कंपनीच्या पहिल्या पत्राला होकार दिला, एवढ्यावरून पूल बांधणे हा एखाद्याचा स्वधर्म ठरतो काय? आपल्यातल्या किती जणांनी आपला धंदा निवडला, आणि किती जणांना तो बारावीच्या गुणपत्रिकेने नेमून दिला? ज्याला आपण स्वधर्म म्हणतो ती पुष्कळदा नुसती सवय असते. मुख्याध्यापकांना मी हे बोललो नाही. सणाचा दिवस होता.

उलट मी भाच्याची बाजू घेतली. मोठ्या उत्साहाने घेतली. माझ्याजवळ दाखले तयार होते.

पहिला दाखला घरचाच, मुंबईचा. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले, तेव्हा एल्फिन्स्टनमधली शिक्षकाची जागा सोडून भाऊ दाजी लाड तिथे विद्यार्थी म्हणून जाऊन बसले. काठेवाडातील बालहत्येवरील निबंधाला बक्षीस मिळवलेला, लौकिक असलेला हा तरुण पुन्हा बाकावर बसला आणि १८५१ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत आला. पुढे ते मुंबईतले नामांकित डॉक्टर झाले, गरिबांना फुकट औषध देत राहिले. पण मला त्यांच्या चरित्रातली आवडणारी गोष्ट निराळीच आहे. डॉक्टर झाल्यावरही त्यांच्यातला अभ्यासक मेला नाही. अजिंठ्याचे शिलालेख वाचायला हा धन्वंतरी जातच राहिला. आधीची वर्षे फुकट गेली असे लोक म्हणतात. ती कुठे जात नाहीत, घरातल्या जुन्या पितळी भांड्यांसारखी केव्हातरी उपयोगाला येतात.

दुसरा दाखला सात समुद्रांपलीकडचा, पण आपल्याकडे एके काळी फार गाजलेला. अल्बर्ट श्वाइट्झर. त्यांनी एकविसाव्या वर्षी मनाशी ठरवले होते की तिशीपर्यंत विद्या आणि संगीत यांसाठी जगायचे, त्यानंतरचे आयुष्य माणसांच्या प्रत्यक्ष सेवेला द्यायचे. आफ्रिकेतल्या एका मिशनला माणसांची गरज आहे हे १९०४ साली त्यांच्या वाचनात आले. १३ ऑक्टोबर १९०५ या दिवशी पॅरिसमधल्या एका टपालपेटीत त्यांनी आईवडिलांना आणि जवळच्या मित्रांना लिहिलेली पत्रे टाकली : मी वैद्यक शिकणार, आणि आफ्रिकेत डॉक्टर म्हणून जाणार. तेव्हा ते स्ट्रासबुर्गला धर्मशास्त्राचे अध्यापक होते, ऑर्गनवादक म्हणून त्यांचे नाव झाले होते, आणि बाखवरचा त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी निघाला होता. मित्रमंडळींत हलकल्लोळ झाला. त्यांचे संगीतगुरू म्हणाले, हे म्हणजे सेनापतीने बंदूक खांद्यावर टाकून शिपायांच्या रांगेत जाऊन उभे राहण्यासारखे आहे. पण हा गडी ढळला नाही. तिशीनंतर पाठांतर कसे जड जाते याची कबुली त्यांनी स्वतःच देऊन ठेवली आहे. तरी शिकले, आणि १९१३ साली लांबारेनेला जाऊन पोचले. ऑर्गन वाजवून आणि पुस्तके लिहून मिळालेला पैसा त्या इस्पितळाला लागला. त्यांच्या वागण्यातल्या वडीलकीवर, गोऱ्या माणसाच्या थोरलेपणावर पुढे बरीच टीका झाली आणि ती सगळीच खोटी नाही. पण त्या वेळी मी भाच्याला धीर देत होतो, टीका गाळली.

तिसरा दाखला मला सगळ्यांत पटणारा. लंडनच्या सिसिली साँडर्स. आधी त्या परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटले, तेव्हा इस्पितळात रुग्णांच्या अडीअडचणी पाहणाऱ्या कार्यकर्त्या झाल्या. १९४८ साली पोलंडमधून आलेला एक निर्वासित ज्यू कर्करोगाने मरत होता. त्याच्याशी त्या मरण्याविषयीच बोलत बसत. जाताना तो त्यांच्यासाठी पाचशे पौंड ठेवून गेला. मरणाऱ्यांसाठी काही करायचे हे बाईंनी ठरवले. संध्याकाळी त्या एका जुन्या सेवासदनात जात. तिथे वेदनेवरचे औषध घड्याळाच्या ठोक्याला, दुखणे पुन्हा उसळायच्या आधीच दिले जाई. इतर इस्पितळांत रोगी कळवळेपर्यंत थांबत आणि मग सुई टोचत. ही रीत बदलायची तर औषधाचा कागद लिहिणारा हात आपला पाहिजे. ज्या शल्यवैद्याकडे त्या काम करीत, त्यानेच सांगितले की डॉक्टर हो. तेहेतिसाव्या वर्षी त्या वैद्यकाच्या वर्गात बसल्या, १९५७ साली डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हे रुग्णालय उघडले. त्या प्रकारचे भारतातले पहिले घर १९८६ साली मुंबईत वांद्र्याला उघडले : शांती अवेदना सदन.

हे सांगून मी भाच्याला विचारले, "या बाईंना काय करायचं ते ठाऊक होतं, आणि ते डॉक्टर झाल्याखेरीज होणार नव्हतं. तुझं तसं काय आहे?"

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाबांना चाळीस दिवसांत कोणी खुर्ची ओढून, शेजारी बसून काय चाललंय ते सांगितलं नाही. मला तसा डॉक्टर व्हायचंय."

उत्तर खरे होते, आणि अपुरेही होते. खुर्ची ओढून बसायला साडेपाच वर्षांचा अभ्यास लागत नाही. पण बसल्यावर सांगायचे काय, याला लागतो. मला वाटले, एवढे पुरे आहे; माणसे याहून कमी कारणासाठी आयुष्ये घालवतात. एका सतरा वर्षांच्या मुलाची जागा आपण अडवू, ही बोचही त्याला होती. पण ज्या जागेसाठी परीक्षा सगळ्यांना एकच आहे, ती मिळवणाऱ्याने वयाची माफी मागण्याचे मला कारण दिसत नाही. मिळाल्यावर किती वर्षे काम करणार, हे मात्र त्याने आपल्या मनाला विचारावे.

मी समारोपाच्या थाटात होतो. समारोपाला माझा हुकमी दाखला म्हणजे मी स्वतः. १९८२ साली, तेहेतिसाव्या वर्षी, मी सरकारी कचेरीतली कायम नोकरी सोडून कायद्याच्या वर्गात जाऊन बसलो. तीन वर्षे शिकण्यात गेली, पुढची चार वकिली रुळण्यात. ही गोष्ट मी सत्कारांत सांगितली आहे, लग्नाच्या पंगतींत सांगितली आहे, रेल्वेच्या डब्यात अनोळखी माणसांना सांगितली आहे. "मी ठरवलं आणि सोडली नोकरी," हे तिचे पालुपद.

ते पालुपद झाले, आणि आमच्या सौभाग्यवतीने माझ्याकडे न पाहता, कोपऱ्यात मुलीला भरवीत बसलेल्या भाचेसुनेला विचारले, "तुला काय वाटतं गं?"

खोलीत एकदम शांतता पसरली. दीड तास आम्ही बोलत होतो. अजिंठ्याला जाऊन आलो होतो, आफ्रिकेला जाऊन आलो होतो. हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता.

"मला काय वाटायचंय, मामी," ती म्हणाली. "मला त्यांनी सांगितलं. विचारलं नाही."

रागाने नव्हती म्हणाली. म्हणूनच ते जास्त लागले.

त्या रात्री मला झोप आली नाही. विचारणे आणि सांगणे या दोन क्रियापदांत केवढे अंतर आहे! निर्णय तोच, शब्दही कदाचित तेच. पण विचारताना नकार ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. सांगताना फक्त टाळ्यांची. श्वाइट्झरांची पत्रे आठवली. ती सांगणारी पत्रे होती. त्यांच्या भावी पत्नी हेलेना यांना मात्र हा बेत आधीपासून ठाऊक होता. त्या स्वतः परिचर्येचे शिक्षण घेऊन, बरोबरीने लांबारेनेला गेल्या. इथवर ठीक. पण पुढे त्यांची प्रकृती खालावली, आणि १९२४ साली डॉक्टर पुन्हा आफ्रिकेला निघाले तेव्हा पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी मागे युरोपात राहिली. पत्नीने आपल्या जाण्याला संमती दिली, याबद्दलची कृतज्ञता त्यांनी लिहून ठेवली आहे. कृतज्ञ माणसे पुष्कळ असतात, मीही आहे. ऋण लिहून ठेवले म्हणजे फिटते असे नाही.

आणि याज्ञवल्क्य आठवले. बृहदारण्यकात आहे ती कथा. घर सोडून निघताना त्यांनी मैत्रेयीला बोलावले आणि म्हणाले, तुझी आणि कात्यायनीची वाटणी करून देतो. निघण्यापूर्वी वाटणी करून द्यावी एवढी जाण त्या ऋषीला होती, हे लहान नव्हे. मैत्रेयीने धन नको म्हटले आणि अमरत्वाचा प्रश्न विचारला, म्हणून ती अमर झाली. शाळेपासून आपण तिचे कौतुक करीत आलो. पण दुसरी बायको, कात्यायनी? तिला ब्रह्मज्ञान नको असेल. कदाचित तिला फक्त एवढेच विचारायचे असेल की, तुम्ही गेल्यावर गोठ्यातल्या गाईंचे कोणी बघायचे? तिला काय वाटले ते उपनिषदात नाही. मी तरी त्या रात्रीपर्यंत ते शोधले नव्हते.

पहाटे उठलो तर ही स्वयंपाकघरात होती. मी म्हटले, "ब्याऐंशी साली मी तुला विचारलं होतं ना?"

ती हसली. "चाळिसाच्या वर वर्षं झाली, आता कशाला?"

"तरी पण."

"सांगितलंत," ती म्हणाली. "पण मी नाही म्हटलं नसतं."

मग चहा गाळता गाळता तिने एक गोष्ट सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिने बाहेरून एम.ए.चा फॉर्म भरला होता. सकाळसंध्याकाळच्या शिकवण्यांतून फीचे पैसे तिने स्वतः जमवले होते. परीक्षेच्या आठवड्यात धाकट्याला गोवर निघाला, आणि त्याच आठवड्यात माझीही परीक्षा होती. ती बसली नाही. पुढच्या वर्षी फीचे पैसे माझ्या पुस्तकांना लागले.

"मला बोलली का नाहीस?"

"तुमचा पेपर होता ना," ती म्हणाली. तेवढेच.

मला त्या निर्णयाचा पश्चात्ताप होतो असे म्हटले तर ते खोटे ठरेल. वकिलीत मी सुखी झालो. कचेरीत राहिलो असतो तर घराला माझ्या चिडचिडीचाच पगार मिळाला असता. ते पाऊल योग्यच होते. फक्त ते दोघांनी मिळून टाकलेले होते, आणि मी त्याची गोष्ट एकट्याच्या नावावर चाळीस वर्षे सांगत आलो. भाच्यालाही मी तीच गोष्ट धीर म्हणून देत होतो. डॉक्टर व्हावे की न व्हावे, हा त्याचा प्रश्न मला आजही अवघड वाटत नाही. पुढच्या दहा वर्षांत त्याच्या बायकोचा कोणता फॉर्म भरायचा राहून जाणार आहे, हे त्याने विचारले आहे काय, हा अवघड आहे.

सकाळी ते दोघे गच्चीत बसले होते, मुलगी माझ्याजवळ सोडून. बराच वेळ बसले. एकदा तिचा आवाज चढलेला ऐकू आला, एकदा त्याचा, मग कोणाचाच नाही. दुपारच्या गाडीने ते पुण्याला गेले. काय ठरले ते निघताना त्याने सांगितले नाही, आणि मीही छेडले नाही.

त्यांना पोचवून परत आलो तेव्हा ही फराळाचे डबे आवरत होती. मी दारातच उभा राहून विचारले, "एम.ए.ला विषय कोणता घेतला होतास?"

"अर्थशास्त्र," ती म्हणाली, आणि चकल्यांच्या डब्याला झाकण लावून तो फळीवर ठेवायला आत गेली.