सोयऱ्यांची ओळख

आषाढी वारी पोहोचली. पालख्या परतल्या, पताका गुंडाळून ठेवल्या गेल्या आणि पंढरीच्या वाटेवरचा चिखल पायांवरून धुऊन वारकरी आपापल्या शेताकडे वळला. चातुर्मास सुरू झाला. या दिवसांत ज्याने त्याने काही ना काही नियम धरलेला असतो. कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी वांगे सोडतो, कोणी एकभुक्त राहतो, कोणी ज्ञानेश्वरीच्या नित्य ओव्या वाढवून घेतो. या नियमांविषयी आज आम्हांस थोडे बोलावयाचे आहे, आणि बोलताना आमच्याच हातून घडलेली एक चूक वाचकांच्या पायांशी ठेवावयाची आहे. कीर्तनकाराने दुसऱ्यांच्या चुका जन्मभर सांगितलेल्या असतात. स्वतःची सांगू गेले की जीभ जड होते, म्हणून लेखणीने सांगतो.

पंधरा-सोळा वर्षे झाली. मावळात, डोंगराच्या पायथ्याशी एका लहान गावी श्रावणातला सप्ताह होता आणि तिसऱ्या दिवसाची कीर्तनसेवा आमच्याकडे होती. अभंग घेतला तुकोबांचा. ज्यात ते झाडांना आणि वेलींना आपले सोयरे म्हणतात, तो. दीड तास बोललो. देहूजवळचा भंडारा डोंगर उभा केला, तुकोबांचा एकांत उभा केला, पाखरांचा सूर लावला. टाळकऱ्यांनी साथ उत्तम दिली. मंडळी डोलली. आम्हीही, खोटे कशाला बोला, स्वतःवर खूश होऊन झोपलो.

सकाळी मंडपात बसलो असता एक ठाकर समाजाची म्हातारी आली. डोक्यावर पाटी, पाटीत ओला पाला. पाया पडली आणि पाटीतली सात पाने काढून आमच्यापुढे जाजमावर ओळीने मांडली.

“म्हाराज, रातच्याला सोयऱ्यांचं लई ग्वाड सांगितलंत. आता ह्ये सोयरं वळखा.”

आम्ही पाहू लागलो. एक आघाडा होता. गणपतीच्या पत्रीत असतो म्हणून ओळखला. बाकीची सहा पाने आम्हांस परकी. म्हातारी हसली नाही. तिला खरोखर नवल वाटले होते.

“सोयरं हायती न् नावं ठावं न्हाईत व्हय?”

मग तिने एकेकावर बोट ठेवून नावे सांगितली. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कर्टुल्याचा वेल. सातव्या पानाचे नाव ती सांगत होती तेवढ्यात काकड्याची मंडळी निरोप घ्यायला आली आणि ते नाव ऐकायचे राहून गेले.

सज्जनहो, येथे आमच्या शिक्षणाविषयी सांगणे भाग आहे. आम्ही पाठशाळेत वाढलो. अमरकोश पाठ, वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील ऋतुचर्येचा अध्याय पाठ. चक्रमर्द म्हणजे काय विचाराल तर त्याचे पर्याय घडाघडा सांगत होतो. परंतु चक्रमर्द म्हणजे हाच टाकळा, पहिल्या पावसानंतर गावाबाहेरच्या प्रत्येक पडीक जागेत उगवणारा, रात्री पाने मिटून घेणारा, हे आम्हांस त्या दिवशी पन्नाशी ओलांडल्यावर कळले. कर्कोटकी म्हणजे कर्टुली आणि अपामार्ग म्हणजे आघाडा. शब्द आमच्या घरात होते, झाडे म्हाताऱ्या बाईच्या पाटीत होती, आणि मधली वाट कोणी चाललेच नव्हते.

एवढ्यावर संपते तर ठीक होते. दुपारी ती म्हातारी पुन्हा आली. नाचणीची भाकरी आणि वर टाकळ्याची भाजी, पळसाच्या पानात झाकून. आमच्यासाठी मुद्दाम केलेली. आणि आम्ही म्हणालो, “आजी, आम्हांला श्रावणात भाजी वर्ज्य आहे. आमचा नियम आहे.”

ती क्षणभर उभी राहिली. म्हणाली, “श्रावणात आमी ह्येच खातो, म्हाराज. मंग आमचा श्रावण बाटला का?”

आम्ही उत्तर दिले. पंडिताजवळ उत्तर नसते असे कधी होत नाही. शास्त्र, अधिकार, देशकाल असे काहीतरी बोललो. तिने पान पुन्हा झाकले आणि ती गेली. त्या रात्री काल्याच्या कीर्तनाची तयारी म्हणून भागवताचा दशम स्कंध उघडला. विसावा अध्याय समोर आला. वर्षा आणि शरद या दोन ऋतूंचे वर्णन त्यात आहे. हा अध्याय आम्ही किती वेळा वाचला असेल त्याची गणती नाही. त्यात एके ठिकाणी आहे की, पाऊस कोसळू लागला म्हणजे भगवान कधी झाडाच्या ढोलीत, कधी गुहेत शिरत आणि तेथे कंद, मुळे, फळे खाऊन रमत. आम्ही पोथी मिटली. ऐन पावसाळ्यात, रानात, रानातलेच अन्न खाणाऱ्या देवाचे आम्ही दास, आणि त्याच रानातून आलेले पान आम्ही परत पाठविले होते.

आता नियमाची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर तरुण वाचक म्हणतील की बुवांनी नियम मोडीत काढले. चातुर्मासाचा जुना क्रम असा: श्रावणात शाक सोडावे, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात द्विदल धान्य. शाक म्हणजे केवळ पालेभाजी नव्हे. धर्मशास्त्रकारांनी मूळ, पान, कोंब, फळ, फूल, साल, अळिंबे असे त्याचे दहा प्रकार मोजले आहेत. यामागे आरोग्याचा विचारही दिसतो. वैद्य सांगतात की वर्षा ऋतूत जठराग्नी मंद होतो आणि वात वाढतो, म्हणून हलके, ताजे, शिजवलेले, जुन्या धान्याचे अन्न घ्यावे. पावसातल्या पालेभाजीवर चिखल असतो, अळी असते. ज्याच्या कोठीत तांदूळ, डाळ, तूप आहे त्याने महिनाभर भाजी सोडली तर त्याच्या जिभेला वळण लागते. नियम चांगलाच आहे. परंतु नियम म्हणजे असलेले सोडणे. ज्याच्या घरातली गेल्या हंगामाची नाचणी आषाढातच तळाला गेली, नवे पीक यायला अजून दोन-अडीच महिने आहेत, त्याने काय सोडावयाचे? डोंगरातल्या माणसाला श्रावणातली ती पाने म्हणजे तोंडी लावणे नव्हे, ते त्याचे पोट आहे. हे आम्हांस आधी ठाऊक नव्हते असे नाही. समोर पान झाकून उभी असलेली बाई पाहूनही ते आठवले नाही, हा दोष.

वनवासात द्रौपदीच्या थाळीला चिकटलेले भाजीचे पान भगवंताने खाल्ले आणि ऋषींची पोटे भरली, ही कथा आम्ही शेकडो वेळा सांगितली आहे. तिथी कोणती होती, हे देवाने विचारल्याचे महाभारतात नाही.

पुढच्या वर्षी जाणे झाले नाही. त्याच्या पुढच्या श्रावणात गेलो, तेव्हा म्हातारी उन्हाळ्यातच गेल्याचे कळले. तिची सून होती. तिला सर्व सांगितले. ती म्हणाली, “आत्याबाई बोलल्या व्हत्या. राग न्हाई केला. म्हनल्या, म्हाराजांचा नेम हाय.” मग तिने भाकरी आणि कुर्डूची भाजी वाढली आणि आम्ही खाल्ली. तिथी श्रावण शुद्ध सप्तमी. एका वृद्ध वारकऱ्याने त्याबद्दल आम्हांस चांगलेच खडसावले: “बुवा, नेम धरायचा तर धरायचा, दुसऱ्याच्या भिडेखातर सोडायचा नाही.” त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे आम्हांस म्हणवत नाही. आमचा निर्णय इतकाच की, स्वतःच्या घरी श्रावणात शाक वर्ज्य. आणि ज्या घरी तेच अन्न, तेथे जे पानात पडेल ते प्रसाद.

तीन सकाळी त्या बाईंच्या मागे रानात हिंडलो. पायांत काटे, अंगावर पाऊस. आम्ही दिंडीत एवढे चालतो, पण दिंडीत मान वर आणि नजर पताकेवर असते. तेथे नजर खाली लावावी लागली. पहिला धडा मिळाला तो वेळेचा. टाकळा कोवळा, फुलावर येण्याआधी खुडावा. पुढे त्याचे काही खरे नाही. शेवळे पावसाच्या तोंडाशी जमिनीतून वर येतात, पंधरवड्यात त्यांचे दिवस संपतात. शेवळे नुसते शिजवले तर घसा धरतो, खवखवतो. म्हणून त्यात काकड नावाच्या झाडाची आंबट फळे घालतात. ती मिळाली नाहीत तर चिंच. देवाची योजना पाहा: खाजरे शेवळे आणि त्याचा उतारा असलेले काकड, दोन्ही एकाच रानात, एकाच सुमारास. भारंगीचा पाला कडू, म्हणून तो उकळून पाणी टाकून देतात. कर्टुल्यात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा; नराला फूल येते, फळ धरत नाही. त्याचा कंद जमिनीत राहतो आणि पुढच्या पावसाला पुन्हा फुटतो, म्हणून फळ काढावे, वेल ओढू नये. फोडशीची पाने वरच्यावर कापावी, मुळासकट उपटू नये. बाई कापताना दर ठिकाणी दोन-चार रोपे सोडून पुढे जात. कारण विचारले तर म्हणाल्या, “फुडल्या साली काय खावं?”

दुसरा धडा भयाचा, आणि तो येथे स्पष्ट लिहितो. रानातले सर्वच खाण्याजोगे नसते. श्रावण-भाद्रपदात कळलावी फुलते, लाल-पिवळी, ज्वाळेसारखी. कोकणात तिच्या फुलांना गौरीचे हात म्हणतात. तिचा कंद जहाल विषारी आहे. खाण्याचा कंद समजून तो खाल्ल्याने माणसे दगावतात. तेव्हा वाचकांनी हा लेख वाचून पाटी घेऊन निघू नये. ज्याने लहानपणापासून ते रान खाल्ले आहे अशा माणसाच्या हाताखाली जावे, आणि शंका आली ते पान ठेवून द्यावे. तसेच शेताच्या बांधावरचा तांदुळजा, घोळ, पाथरी पूर्वी निःशंक खुडत. आता अनेक ठिकाणी बांधावर तणनाशक मारलेले असते. शेतकऱ्याला विचारल्यावाचून खुडू नये.

आपले सण तरी दुसरे काय शिकवितात? पाडव्याला कडुनिंबाची पालवी, भोगीला बाजरीची तिळाची भाकरी आणि मिसळीची भाजी, कार्तिकात आवळीखाली भोजन. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही. नांगराशिवाय जे उगवले ते खायचे. म्हणजे वर्षातून एक दिवस का होईना, प्रत्येक घराने रानाच्या ओट्यात जेवायचे, असा तो दंडक. आज त्या भाजीचा वाटा बाजारात बांधून मिळतो, पत्रीचाही मिळतो, आणि पत्रीत कोणते पान कशाचे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

एकादशीविषयी बोललो तर काही मंडळी रागावतील, तरी बोलतो. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा, रताळे, मिरची, ही सारी अमेरिका खंडातून आली आहेत. कोलंबस तिकडे गेला १४९२ साली. ज्ञानोबा माउलींनी समाधी घेतली १२९६ साली. माउलींच्या एकादशीला खिचडी नव्हती हे उघड आहे. आम्ही खिचडी खात नाही असे नव्हे, खातो. परंतु सुरण, शिंगाडा, वरई, करांदे ही घरची माणसे दारात उभी असताना पाहुण्यांनीच सगळे पान व्यापावे, याचे वाईट वाटते. करांदे कडसर म्हणून मुले नाक मुरडतात. राख घालून उकडले की कडवटपणा पुष्कळ उतरतो.

सावता महाराज अरणला मळा करीत. पंढरीला ते गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला, अशी परंपरा आहे, आणि आजही आषाढ वद्यात अरणला उत्सव होतो. त्यांच्या अभंगांतून भाजीचा वाफा आणि विठ्ठल वेगळे काढता येत नाहीत. आम्ही कीर्तनात हे अलंकार म्हणून सांगत आलो. मळ्यात वाकून खुरपणाऱ्या माणसाला तो अलंकार नसावा, असे आता वाटते.

अलीकडे जिल्ह्याजिल्ह्यांत ९ ऑगस्टच्या सुमारास कृषी खात्यातर्फे रानभाज्यांचे महोत्सव भरतात. चांगले आहे; शहरातली माणसे येतात, डोंगरातल्या बायांना दोन पैसे मिळतात. फक्त मागणी वाढली की फोडशी मुळासकट उपटून गाड्या भरू नयेत, एवढी धास्ती वाटते. घेणाऱ्याने मुळे लागलेली जुडी घेऊच नये.

आता वारीत चालताना आम्ही दिंडीतल्या मुलांना दर विसाव्याला पाच झाडांची नावे विचारतो. दिवे घाटाच्या चढावर तरवड, पुढे रुई, आघाडा, माका, घेटुळी. घेटुळी म्हणजेच ग्रंथांतली पुनर्नवा. गाजरगवत मात्र सगळे ओळखतात. ते परके, पुण्याजवळ १९५० नंतरच्या दशकात प्रथम दिसले आणि आता पंढरीपर्यंत पसरले. मुले आमच्यापेक्षा लवकर शिकतात. यंदा नीरेच्या मुक्कामावर एका दहा वर्षांच्या मुलीने आम्हांस दोन नावे सुधारून दिली.

त्या म्हातारीच्या सात पानांपैकी सहा आता ओळखीची झाली आहेत. सातवे अजून सापडलेले नाही. सुनेला विचारले, तिलाही आठवेना. “आत्याबाईंना लई ठावं व्हतं,” एवढेच ती म्हणाली. पान बोटाएवढे, लांबट, कडा किंचित दातेरी, देठ तांबूस, चुरगळले असता आंबूस वास. श्रावणाच्या आरंभी मावळच्या डोंगरउतारावर मिळत असावे. कोणा वाचकास ठाऊक असेल तर मासिकाच्या पत्त्यावर नाव कळवावे. जमल्यास वाळलेले पानही पाठवावे.