तो रिपोर्ट कपाटातून काढ

इचलकरंजी
जुलैअखेर

चि. सोन्या,


परवा फोनवर वहिनी बोलता बोलता म्हणाली, कंपनीच्या तपासणीत तुझ्या सोनोग्राफीत 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' आलंय आणि एसजीपीटीही वाढलंय. तू तिला म्हणालास म्हणे, "आमच्या टीममध्ये निम्म्या जणांचं असंच आहे." अरे राजा, मग त्या निम्म्यांनीही डॉक्टरकडे जावं! तू कसा सुटलास त्यातून? कागद कपाटात टाकला असशील तर आधी काढ, मग हे पत्र वाच.

इकडे पावसानं नुसता धुमाकूळ घातलाय. पंचगंगा फुगलीय. ताई बाळंतपणाला आलीय, आठवा लागला. त्यामुळे उकळल्याशिवाय पाण्याचा थेंब कुणाला मिळत नाही. तुझे काका गॅसच्या खर्चावरून कुरकुरतात, कुरकुरू देत. २०१२ साली आपल्या गावात काविळीची साथ आली होती. हिपॅटायटिस ई, दूषित पाण्यातून पसरलेला. माणसं दगावली. तू लहान होतास, त्या वर्षी सुट्टीत तुला इकडे पाठवलं नव्हतं ते म्हणूनच. ही कावीळ बहुतेकांची आपली आपण बरी होते, पण पोटुशीच्या, त्यातही शेवटच्या महिन्यांत, जिवावर बेतू शकते.

आपली आपण बरी होते ना, म्हणूनच मांत्रिकांचं फावतं. ओल्या काड्यांची माळ गळ्यात घालायची. काड्या वाळल्या की गाठी सैल होतात, माळ लांबते, की झाली कावीळ 'उतरली'. आंब्याच्या सालीचं पाणी चुना लावलेल्या हातावर ओतलं की पिवळं होतं, तेही काविळीच्याच नावावर. यात ज्याला खरा मोठा आजार असतो, त्याचे मोलाचे दिवस जातात. आणि रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस? काविळीवर तोच पाजतात, आणि त्याच बर्फातून कावीळ येऊ शकते!

तुझं दुखणं वेगळं आहे. उजव्या बरगड्यांखाली दीड किलोच्या आसपासचं हे यकृत चरबीनं भरलं तरी दुखत नाही, त्याचीच मला धास्ती. दारू न पिणाऱ्यांनाही हे होतं. तुझ्या कमरेला टेप लावून बघ. नव्वद सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल तर रात्री बाराला मागवलेली बिर्याणी आणि ती कोल्ड्रिंकची बाटली आठव. वजन सात ते दहा टक्के उतरलं तर यकृतावरची सूजही ओसरू शकते. म्हणजे तू ऐंशीचा असशील तर सहा ते आठ किलो. पण हळूहळू, उपाशी राहून नाही. कॉफी पी हवी तर, साखरेशिवाय. शनिवारच्या पार्ट्यांचं मी विचारत नाही. एवढंच सांगते, हा रिपोर्ट हातात असताना एक ग्लाससुद्धा नको.

अंग दुखलं की साडेसहाशेची पॅरासिटामॉल टाकायची सवयही तुला आहे. धडधाकट माणसालाही दिवसाला चार ग्रॅमच्या वर ती चालत नाही, आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत ती असतेच, हे कुणी बघत नाही. जिमवाल्यानं दिलेली पावडर डॉक्टरला दाखवल्याशिवाय घेऊ नकोस. वहिनीनं पाठवलेला गुळवेलीचा काढाही थांबव. करोनात तो रोज पिणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ. तुझ्या यकृतावर त्याची परीक्षा नको. (वहिनीला मी सांगितलं म्हणू नकोस.)

डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी गर्द झाली, शौच पांढुरकं झालं, अंगाला विनाकारण खाज सुटली, अन्नाच्या वासानं मळमळलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ. पोट फुगणं, पावलं सुजणं ही पुढची पायरी. रक्ताची उलटी, डांबरासारखं काळं शौच, किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, तर थेट मोठं हॉस्पिटल. हे तुझ्या रूमवरच्या पोरांनाही सांग, तेही कुणाची तरी लेकरं आहेत.

आणि हो, हातावर टॅटू काढलास तो फोटो पाहिला मी. दादाला दाखवला नाही. पण सुई नवी होती का रे? हिपॅटायटिस बी रक्तातून पसरतो आणि वर्षानुवर्षं गप्प बसतो. तुझ्या जन्माच्या वेळी त्याची लस सरकारी यादीत नव्हती. देशभर ती २०११ च्या सुमारास आली. तेव्हा आधी बी आणि सी दोन्हींची रक्ततपासणी कर. बी नसेल तर तीन डोस घे: आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी.

ताईच्या डोहाळजेवणाला आला नाहीस, बारशाला ये. त्याआधी या शनिवारी डॉक्टरांकडे जा, आणि त्यांनी काय सांगितलं ते वहिनीच्या आधी मला कळव.

तुझी,
आत्या