देणे कोणाच्या नावे?

अनेसिम या ग्रीक नावाचा अर्थ ‘उपयोगी’. पण धन्याच्या घरी तो निरुपयोगी ठरला. बंदिवान पौल त्याला फिलेमोनाकडे परत धाडतो, ते हाती पत्र देऊन; त्याचे देणे तो स्वतःच्या नावे मांडावयास सांगतो.

तुरुंगातून सुटणाऱ्याजवळ असे पत्र बहुधा नसते. काम मिळत नाही, भाड्याने खोली मिळत नाही. जुने सोबती मात्र वाट पाहत असतात. तो पुन्हा घसरला, तर दोष केवळ त्याचाच काय?

औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले आणि बंदिवानांना बिनभिंतीच्या वसाहतीत शेती दिली. विश्वास टाकण्यात धोका असतोच. पौलाने तो पत्करला.

ख्रिस्ताने आपले देणे स्वतःवर घेतले आहे. असा मनुष्य तुमच्या मंडळीच्या दारी आला, तर त्याचे देणे तुम्ही कोणाच्या नावे मांडाल?