जुनी पट्टी, नवी पट्टी

मागच्या वर्षी आम्ही वापरकर्ते मोजायची जुनी सिस्टिम काढून नवी लाईव्ह केली आणि दुसऱ्याच दिवशी आलेख वर उडाला. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. माणसं वाढलेली नाहीत हे मला ठाऊक होतं. आधी एका माणसाचे दोन फोन आम्ही एकच धरायचो, आता दोन धरत होतो. मी गप्प बसलो.

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑन्साला वेधशाळेबद्दल वाचताना ती मीटिंग आठवली. तिथे १९७०च्या दशकातली २० मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. ती आणि अमेरिकेतल्या वेस्टफोर्डची दुर्बीण एकाच वेळी अब्जावधी प्रकाशवर्षं दूरचा एखादा क्वेसार ऐकतात. सिग्नल दोन्हीकडे किंचित पुढेमागे पोचतो. अणुघड्याळं लावून तो फरक मोजला, की दोन दुर्बिणींमधलं अंतर कळतं. अटलांटिकचे दोन काठ वर्षाला दीड-दोन सेंटिमीटर लांब जाताहेत, हे असं थेट मोजता येतं.

२०१७ साली तिथे १३.२ मीटरच्या दोन जुळ्या दुर्बिणी सुरू झाल्या. वेगाने वळणाऱ्या, कितीतरी रुंद पट्ट्यातल्या लहरी टिपणाऱ्या. लक्ष्य एक मिलिमीटरचं. समुद्राची पातळी वर्षाला तीन-चार मिलिमीटरच वाढते, तेव्हा हा हट्ट नाही.

मग जुनी लगेच बंद करायची? नवीने वेगळा आकडा दिला, तर जमीन सरकली की फक्त यंत्र बदललं, हे कोण सांगणार? म्हणून काहीशे मीटरवरच्या जुन्या-नव्या दुर्बिणी एकाच क्वेसारकडे एकाच वेळी वळवून त्यांच्यातलं अंतर पक्कं केलं गेलं. जुनीची तबकडी स्वतःच्या वजनाने किंचित वाकते, उन्हाळ्यात धातू प्रसरण पावतो. पण या चुका ओळखीच्या, हिशोबात धरलेल्या. आज काय आहे हे नवी जास्त अचूक सांगेल. चाळीस वर्षांत काय बदललं, हे ती एकटी सांगू शकत नाही.

दोन्ही चालवायला पैसे लागतात, माणसं लागतात. आमचा मॅनेजर याला उधळपट्टी म्हणाला असता, आणि दर वेळी तो चुकीचा नसतो.

मी खोटं बोललो नव्हतो, असं बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. जुना आकडा त्याच्या नियमाने बरोबर, नवा त्याच्या. खोटी होती ती दोघांना जोडणारी रेघ.

गेल्या आठवड्यात त्या आलेखाखाली मी एक ओळ टाकली : ‘या तारखेला मोजणीची पद्धत बदलली.’ फरक किती, हा रकाना मात्र रिकामाच आहे. जुना सर्व्हर आम्ही त्याच महिन्यात पुसला होता.