दार उघडे ठेवा, पण पाळी मोजा

१ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने शासन निर्णय काढून स्पष्ट केले की परमिट रूम, बीअर बार, हुक्का पार्लर, दारूची दुकाने असे काही प्रकार वगळता महाराष्ट्रातली दुकाने आणि हॉटेले चोवीस तास उघडी ठेवता येतील. तसे पाहिले तर त्यात नवे फारसे नव्हते. ही मुभा २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातच होती. तरीही पोलीस आणि स्थानिक प्रशासन रात्री शटर पाडायला लावतात, अशा तक्रारी आल्या म्हणून सरकारला तेच पुन्हा सांगावे लागले. मग ठरलेला वाद रंगला. एका बाजूला ‘नाइटलाइफ’वाले, दुसऱ्या बाजूला ‘संस्कृती’वाले. मोरीवर पातेली घासणाऱ्याचे नाव दोघांपैकी एकानेही घेतले नाही.

खरे म्हणजे हॉटेल किती वाजता बंद व्हावे हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात शिरला तो त्या घासणाऱ्यामुळे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे झगडून १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. दुकानांतल्या आणि हॉटेलांतल्या नोकरांच्या नशिबी कायदा यायला त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. मुंबई प्रांताने १९३९ मध्ये दुकाने व आस्थापना कायदा केला आणि १९४८ मध्ये तो नव्याने, अधिक नेटका लिहिला. आपण ज्याला ‘गुमास्ता’ म्हणतो तो हाच. बाळासाहेब खेर तेव्हा मुख्यमंत्री होते आणि गुलझारीलाल नंदा मजूरमंत्री. गिरणीला भोंगा होता, हॉटेलाला नव्हता. या कायद्याने हॉटेलाला भोंगा दिला. पहाटे अमुक वाजण्याआधी उघडायचे नाही, मध्यरात्रीनंतर नवे गिऱ्हाईक घ्यायचे नाही आणि कोणाकडूनही दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही. यातली शेवटची अट कामगारासाठी होती हे उघड आहे. पहिल्या दोन्हीही त्याच्यासाठीच होत्या, हे मात्र आपण सोयीने विसरलो. ज्याचे तास कोणी टिपून ठेवत नाही, त्याला घरी जायला मिळावे याचा एकच खात्रीचा मार्ग होता आणि तो म्हणजे दारच बंद करणे. इन्स्पेक्टरला हजेरीपुस्तक खोटे दाखवता येते, उघडे शटर लपवता येत नाही.

ते बंद होणारे शटर एकदा आतून पाहा. रात्रीचे पावणेएक. शटर अर्धे खाली आले आहे, खुर्च्या टेबलांवर उलट्या पडल्या आहेत, तवा खरवडून झाला आहे, वस्ताद कपडे बदलायला गेला आहे. एवढ्यात सहा जणांचे कुटुंब वाकून आत येते. “फक्त पावभाजी, पाच मिनिटांत उठतो.” मालक गल्ल्यावरून मान डोलावतो. गॅस पुन्हा पेटतो. मोरीपाशी गोणपाटावर अनवाणी उभा असलेला मुलगा तारेची घासणी पुन्हा हातात घेतो. दिवसभर पाण्यात राहून त्याच्या बोटांची टोके पांढरी पडून भेगाळली आहेत. ही मंडळी पाऊण तासाने उठतील तोवर शेवटची लोकल गेलेली असेल. अर्थात त्याला लोकलची गरज नाहीच. तो माळ्यावर झोपतो. पाच वाजता दुधाच्या पिशव्या येतील तेव्हा त्या उतरवून घ्यायला तोच उठणार. (चौदा वर्षांखालच्या मुलाला हॉटेलात ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. तरीही कुठे कुठे विचारले, तर तो ‘मालकाचा भाचा’ निघतो.)

म्हणजे हॉटेले रात्री उघडी ठेवूच नयेत का? असे मी म्हणणार नाही. परळला केईएम आणि टाटा रुग्णालयाबाहेर रात्री तीन वाजता नातेवाइकांना चहा लागतो. वाशीच्या बाजारात आणि दादरच्या फुलबाजारात उजाडण्याआधीच दिवस सुरू होतो. रमजानात मोहम्मद अली रोड आणि गणपतीत लालबाग रात्रभर जेवते, आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही. वॉचमन, टॅक्सीवाले, वॉर्डबॉय, रात्रपाळीच्या नर्स हे सगळे रात्री जागतात म्हणून शहर सकाळी चालते. कायद्याने सरकारच्या हाती सूट देण्याचा अधिकार ठेवला तो अशा गरजांसाठी, आणि तो हवाच. १९४८ च्या जुन्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत एका रकान्यात सूट मिळालेल्या आस्थापनांची नावे होती आणि समोरच्या रकान्यात सूट कोणत्या कलमांतून आणि कोणत्या अटींवर, ते लिहिलेले असे. सूट आणि अट शेजारी शेजारी. मला ही पद्धत शहाणपणाची वाटते.

पुढे सूट वाढत गेली आणि अटीचा रकाना विरळ होत गेला. जानेवारी २०२० मध्ये मुंबईला चोवीस तास जागे ठेवण्याचा निर्णय झाला, तो निवासी वस्तीबाहेरच्या मॉलपुरता आणि गिरण्यांच्या आवारांतल्या उपाहारगृहांपुरता. दोन महिन्यांत कोविडने सगळ्यांचीच शटरे पाडली ती गोष्ट वेगळी. पण सवलत कोणासाठी सुचली ते पाहा. रात्री दोन वाजता फुटपाथवर रिक्षावाल्यांना चहा पाजणारा सायकलवाला मात्र पोलिसाची गाडी दिसली की किटली घेऊन पळतच राहिला. रात्रीची खरी गरज ज्यांना आहे त्यांच्यापर्यंत सूट पोहोचली नाही. आणि पुढे सगळ्यांना मुभा असल्याचे सरकारने स्पष्ट केले, तेव्हा त्या शासन निर्णयाचा अर्थ रस्त्यावरच्या शिपायाने काय लावायचा, हे पुन्हा त्याच्या मर्जीवर आले. वेळ जितकी संदिग्ध, तितकी हप्त्याची सोय.

२०१७ चा कायदा मूळ रूपात वाचला तर कागदावर तो वाईट नव्हता. दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट मजुरी, आठवड्यातून सलग चोवीस तास सुट्टी. रात्री साडेनऊनंतर स्त्रीला काम द्यायचे तर तिची संमती आणि घरी पोहोचण्याची व्यवस्था. दार चोवीस तास उघडे, माणूस नऊ तास. तत्त्व म्हणून हे मला मान्य आहे. मेख पुढे आहे. हे सगळे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होते. त्याहून लहान असाल तर धंदा सुरू केल्याची नुसती सूचना दिली की काम झाले. १९४८ चा कायदा एका नोकराच्या हॉटेललाही लागू होता. आता तुमच्या गल्लीतले हॉटेल आठवा: एक वस्ताद, त्याचा हाताखालचा, तीन वेटर, दोन घासणारे, एक पार्सलवाला. आठ झाले. या आठांना दार बंद होण्याचे संरक्षण उरले नाही आणि तास मोजणारे कलमही लागू नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही मर्यादा दहावरून वीसवर नेण्यास आणि रोजचे तास नवावरून दहावर नेण्यास मंजुरी दिली. एकाच शरदात दार सताड उघडले आणि मोजपट्टीही काढून घेतली.

संस्कृतीवाल्यांनाही एक सांगायचे आहे. २९ डिसेंबर २०१७ रोजी, नवा कायदा अमलात येऊन जेमतेम दहा दिवस झाले असताना, कमला मिल्सच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि चौदा माणसे गेली. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. बारची बंद होण्याची वेळ अजून व्हायची होती. त्यांना घड्याळाने मारले नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंते गाडीच्या धडकेत मेले, त्यामागेही अल्पवयीन मुलाला दारू देणे आणि त्याच्या हाती गाडी देणे होते. प्रत्येक वेळी आपण शटरच्या वेळेवर तोंडसुख घेतो आणि बाहेर पडायचा जिना कोणी अडवला, हे विचारायचे राहून जाते.

मालक म्हणतात, रात्री धंदा चालला तर रोजगार वाढेल. वाढू शकतो, पण दुसरी पाळी नवी माणसे लावून भरली तरच. त्याच आठ जणांना पहाटेपर्यंत ताणले तर वाढतो फक्त गल्ला. म्हणून मध्यरात्रीनंतर उघडे राहणाऱ्या प्रत्येक हॉटेलला, मग तिथे चारच माणसे असोत, तासांची कलमे लागू झाली पाहिजेत. रात्री ज्याने शटर पाडले त्याला सकाळी शटर उघडायला बोलावता कामा नये. आणि कोणाची पाळी कितीपासून कितीपर्यंत, हे गल्ल्यामागे देवाच्या तसबिरीशेजारी गिऱ्हाइकाला वाचता येईल असे टांगले पाहिजे. रात्री दोनला सुटणाऱ्या पुरुष कामगारालाही लोकल नसतेच. स्त्रीला जी गाडी कायद्याने मिळते, ती त्यालाही का मिळू नये? ३१ डिसेंबरला बार पहाटे पाचपर्यंत उघडे ठेवण्याचा आदेश निघतो. त्याच आदेशात त्या पाळीची मजुरी आणि घरी जाण्याची सोय यासाठी आणखी दोन ओळी सहज मावतील.

ज्याला सूट द्यायची त्याच्याकडून अट लिहून घेता येत नसेल, तर सरकारने सूट देऊ नये. आणि अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरणारे आपण आहोत, सरकार नाही. स्वयंपाकघर बंद झाले असेल तर मागे फिरा; पावभाजी उद्याही मिळते. वेटर ओळखीचा झाला असेल, तर त्याला विचारा की त्याची सुट्टी कोणत्या वारी असते. उत्तर आले नाही तर मालकालाही विचारा. आणि मते मागायला आमदार दारात येतील तेव्हा त्यांच्याकडून एवढेच वदवून घ्या: आठ माणसांच्या हॉटेलातल्या कामगाराचे तास मोजण्याची जबाबदारी आता कोणाची आहे?