दोष आणि दोषी

मराठीत 'दोष' हा शब्द मोठा सोयीचा आहे, आणि त्या सोयीतच त्याचा धोका आहे. यंत्रात दोष असतो, माणसातही असतो. दोष काढता येतो, तसाच देताही येतो. बिघाडाचे कारण हुडकणे आणि ते कोणाच्या तरी माथी मारणे, ही दोन अगदी निराळी कामे या एका शब्दाच्या आश्रयाने सुखाने नांदतात. पहिल्या कामाला वेळ लागतो, हात मळतात. दुसरे बसल्या जागी होते. म्हणून आपण बहुधा दुसऱ्यापासून आरंभ करतो आणि पहिलेही उरकले असे समजतो.

हा भेद मला नीतिशास्त्राच्या ग्रंथापेक्षा एका मोटारीने अधिक स्वच्छ दाखवला. मोटारही कामाची नव्हे, शौकाची: दोन आसनांची, उघड्या टपाची, बरीच जुनी. काळ्या मातीच्या आणि कापसाच्या आमच्या परभणी जिल्ह्यात अशी गाडी दिसली की पोरे मागे धावतात. तरी तिचे गोत्र आपल्याला अगदीच अपरिचित नाही. १९६१ पासून मद्रासेत तयार होऊ लागलेली स्टँडर्ड हेरल्ड एके काळी आपल्याकडच्या डॉक्टर-वकिलांच्या दारात उभी असे. ती ज्या इंग्लिश ट्रायंफ हेरल्डवरून घेतली, तिच्याच सांगाड्यात फेरफार करून १९६२ साली तिकडे स्पिटफायर ही दोन आसनी गाडी निघाली. वेगासाठी जन्मलेल्या असल्या गाड्या म्हातारपणी वेगाच्या आधीच अडतात. किल्ली फिरवावी, दिवे मंद व्हावेत, आणि इंजिनाने नुसते 'टिक्' म्हणून गप्प बसावे!

किल्लीने गाडी सुरू व्हावी ही अपेक्षा तशी फार पुरातन नाही. पूर्वी पुढे उभे राहून हँडल मारावे लागे, आणि उलटा झटका बसला तर मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला आणि ती दगदग संपत गेली. पण हँडल मारणाऱ्याच्या हाताला इंजिनाची कुरबुर कळत असे; किल्ली फिरवणाऱ्याला काहीच कळत नाही. आणि जेथे काही कळत नाही, तेथे संशय फार लवकर पिकतो.

पहिला संशय बॅटरीवर. तो अगदी अकारण नसतो. आमच्याकडे वैशाखात पारा चव्वेचाळीस अंशांच्या घरात जातो, आणि बॅटरीचे आयुष्य थंडीपेक्षा अशा उन्हानेच अधिक झिजते. पण संशय म्हणजे निकाल नव्हे. सहा घरांची भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. हा आकडा विश्रांतीतला आहे. स्टार्टर फिरू लागला की शंभर-दीडशे अँपिअर प्रवाह ओढतो, आणि खरी परीक्षा तेव्हा होते. ओहमने १८२७ साली मांडलेला नियम येथे निर्दयपणे लागू पडतो. दीडशे अँपिअरच्या वाटेत एका ओहमच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा अडथळा असला, तरी तीन व्होल्ट तेथेच खर्ची पडतात.

शिवाय विजेची वाट एकेरी नसते. बॅटरीकडून निघालेली वीज स्टार्टरपर्यंत पोहोचून भागत नाही, ती परत यावी लागते. इंजिन रबराच्या बैठकीवर बसवलेले असते, म्हणून ते आणि सांगाडा यांच्यामध्ये तांब्याची विणलेली एक पट्टी जोडतात. मिस्त्री मंडळी तिला 'अर्थ' म्हणतात. शब्द इंग्रजी खरा, पण मराठी कानाला चांगला लागतो. जाणारी जाड तार सर्वांना दिसते. परतीची ही पट्टी खाली चिखलात आणि तेलात दडलेली असते, तिची आठवण कोणाला होत नाही.

मी पाहिलेली गाडी आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांची. ती गॅरेजात अडली तेव्हा ठपका आला तेथल्या हरकाम्या पोरावर. त्याने गाडी धुतली, रात्री दिवे चालू ठेवले आणि बॅटरी उतरवली, असे ठरले. पोर 'नाही' म्हणाले, पण त्याचे 'नाही' कोणी हिशेबात धरले नाही. नवी बॅटरी आली, गाडी सुरू झाली. झाले, आरोप सिद्ध! बॅटरीच्या किमतीचा काही हिस्सा त्याच्या पगारातून कापायचा ठरला. आठवड्याने गाडी पुन्हा अडली. आता तर पोराच्या निष्काळजीपणाबद्दल कोणाला शंकाच उरली नाही. त्याला कामावरून काढण्याची भाषा सुरू झाली.

त्या दिवशी तेथे एक वयस्क मिस्त्री आलेले होते. त्यांनी पोराला विचारले, "तुला काय दिसलं रे?" बहुधा हा प्रश्न त्याला प्रथमच कोणी विचारला असावा. ते चाचरत म्हणाले, "उस्ताद, सेल्फ मारला की चोकची तार गरम होते." उस्तादांनी मीटर काढले. बॅटरीच्या दोन टोकांत १२.६. मग किल्ली फिरवायला सांगून त्याच टोकांत पाहिले: ११.४, म्हणजे बॅटरी खणखणीत. मग एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावून पुन्हा किल्ली फिरवली. जेथे पाव-अर्धा व्होल्टही फार व्हावा, तेथे पाच व्होल्ट! परतीची वाट बंद झालेली होती. बिचारी वीज मिळेल त्या वाटेने, चोकच्या बारीक तारेतून, घर गाठू पाहत होती आणि ती तार तापत होती. उस्तादांनी एक जाड तार बॅटरीपासून थेट इंजिनाला लावली. गाडी पहिल्या हाकेला जागी झाली. पट्टी सोडवली तेव्हा बाहेरून धड दिसणारा तो तांब्याचा गोफ बोल्टखाली हिरवा पडून खाल्लेला निघाला. बॅटरी बदलताना ओढाताणीत ती पट्टी हलली होती, म्हणून आठवडाभर गाडी चालली. आणि श्रेय बॅटरीने घेतले.

आपल्या नैयायिकांनी अशा चुकीला फार पूर्वी नाव देऊन ठेवले आहे. कुंभाराचे गाढव माती वाहून आणते. घडा होण्यापूर्वी ते हजर असते. तरी ते घड्याचे कारण नव्हे, ते 'अन्यथासिद्ध' होय. आधी हजर असणे आणि कारण असणे यांत अंतर आहे. ते अंतर ओळखण्यासाठी अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पाहावे लागतात: ते असताना घडते का, आणि ते नसताना घडत नाही का. उस्तादांनी न्यायशास्त्राचे पान उघडलेले नव्हते. पण एक तार लावून आणि काढून त्यांनी नेमके हेच केले. गॅरेजातले ते पोर मात्र कुंभाराचे गाढव झाले होते. ते जवळ होते, आणि दुबळे होते. आरोपाला एवढे पुरते.

आमच्या जिल्ह्यातले गंगाखेड हे संत जनाबाईचे गाव. तिची कथा घरोघर माहीत आहे. विठ्ठलाचे पदक नाहीसे झाले, ते नामदेवाघरच्या या दासीकडे सापडले, आणि तिला सुळावर चढवण्याचे ठरले. पुरावा तरी काय कमी होता? वस्तू तिच्यापाशी होती. शिवाय ती दासी होती, हा पुरावा न बोलता जोडला गेला. कथेत सुळाचे पाणी झाले. लोकांनी ही कथा शतकानुशतके जपली, ती केवळ चमत्काराच्या गोडीने नव्हे, असे मला वाटते. असल्या प्रसंगी चमत्काराखेरीज सुटका नाही, हा दुबळ्यांचा अनुभव तिच्यात साठलेला आहे. सगळ्यांसाठी सुळाचे पाणी होत नाही. म्हणून तर माणसाला तपासणीची कला शोधावी लागली.

शाळेत हाच खेळ रोज चालतो. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा होतो. परतलेला मुलगा फळ्यापुढे गप्प उभा राहिला की 'ढ' हा निकाल तयार असतो. बॅटरी बदलण्याइतकाच तो सोपा. त्याचे ओझे कोणते, कोणत्या सांध्यात त्याची शक्ती गळते, हे पाहायचे तर ओझ्याखाली असतानाच त्याला पाहिले पाहिजे. निवांत वेळी घेतलेले माप कोणाचेच खरे नसते.

यावर कोणी म्हणेल: सगळ्यालाच कारण असते, मग जबाबदार कोणीच नाही का? पोराने खरोखरच दिवे चालू ठेवले असते तर? आक्षेप खोटा नाही. पट्टीला गंज चढतो त्यात पट्टीचे पाप नाही. पण माणूस म्हणजे पट्टी नव्हे, त्याला उत्तर द्यावेच लागते. मात्र जबाबदारीची वाटणी करायची तर ती दोन्ही बाजूंना करावी लागेल. चूक करणाऱ्याची एक जबाबदारी, तशी ठपका ठेवणाऱ्याची दुसरी. हातात साधन असून तपासायचे नाही आणि निकाल मात्र द्यायचा, हा स्वतंत्र गुन्हा आहे. आरोप पुढे योगायोगाने खरा ठरला तरी तो पुसला जात नाही.

त्या पोराचे पैसे वाचले, कामही टिकले. पण चारचौघांत त्याला जे बोलले गेले होते, त्याविषयी कोणी काही बोलले नाही. गाडी सुरू झाली एवढ्यातच सर्वांना प्रकरण मिटले असे वाटले. यंत्रातला दोष निघाला की यंत्र पूर्वीसारखे होते. माणसाला लावलेला दोष नुसता खोटा ठरल्याने निघत नाही. ज्यांनी तो लावला, त्यांनाच तो तोंडाने काढून घ्यावा लागतो. ते कष्ट आपल्याला नको असतील, तर तो लावण्यापूर्वी मीटर काढून एकदा पाहणे बरे. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.